शेठच्या बागेतलं पाणमांजर

माझं सासर एका बागेच्या आत आहे असं कळलं, की बाया म्हणायच्या, "नशीब काढलं बाई तू."

बाग शेठची होती. हिंगणघाटच्या बाहेर, वेणा नदीच्या अंगाला त्यांचा कापसाचा जिन होता आणि जिनाला लागून ही बाग. आंबे, चिकू, मोगऱ्याचे वाफे, पिंजऱ्यात मोर, जाळीच्या कुंपणात चितळं आणि सगळ्याभोवती पुरुषभर उंचीची भिंत. माझे यजमान तिथे माळी. भिंतीला आतून चिकटून दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, त्यात आम्ही दोघं आणि सासू. फाटक एकच. संध्याकाळी जिनाचा भोंगा वाजला की चौकीदार कुलूप घालायचा आणि किल्ली ऑफिसात नेऊन टांगायचा. सकाळपर्यंत आम्ही आत. आग लागली तर काय करायचं, असं मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. यजमान म्हणाले, "लागत नाई."

माझं माहेर सिंदीचं, रेल्वेच्या सिंदीचं. आमची भाजीपाल्याची वाडी होती. वांगी, भेंडी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. मी कळत्या वयापासून डोक्यावर टोपली घेऊन रूळ ओलांडून बाजारात जायची. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. भाजी संपली की घरी. त्या सवयीच्या पायांना बागेतल्या फरशीच्या वाटा फार लवकर संपायच्या. फाटकापासून विहीर, विहिरीपासून चितळं, चितळांपासून हौद आणि पुन्हा फाटक.

हौद शेठने मगरीसाठी बांधून घेतला होता. मगर कधी आली नाही. गोल, खोल, गुळगुळीत सिमेंटच्या भिंती, एका बाजूला दगडी ओटा, त्यावर पत्र्याचं छप्पर आणि ओट्यावर उतरायला गजांचं दार. पाऊस पडला की बेडकं त्यात पडायची आणि बाहेर निघता न आल्यामुळे तिथेच ओरडत राहायची.

लग्नाला वर्ष झालं असेल. पंचाहत्तर साल असावं. नदीतून रेती काढताना काठ खचला आणि मासे धरणाऱ्या एका ढिवराला त्या ढिगाऱ्यात दोन पिल्लं सापडली. पाणमांजराची. डोळे नुकते उघडलेले, अंगावर राखाडी लव, ओल्या पोतेऱ्यासारखी. आई पळाली की दबली, ते त्यालाही माहीत नव्हतं. तो ती पिल्लं टोपलीत घेऊन जिनात आला. शेठ त्या दिवशी नागपूरहून आलेले होते. त्यांना जनावरांचा मोठा शौक. टोपलीत वाकून ते लहान मुलासारखे हसले. "ऊदबिलाव! हौद भर गया अपना."

यजमानांनी कापसाची वात करून दूध पाजायचा प्रयत्न केला. एक पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. दुसरंही मान टाकायला लागलं तेव्हा मॅनेजरसाहेब आमच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्याशी बोलले नाहीत, यजमानांशी बोलले. "घरी बाई आहे ना? बाईमाणसाच्या हाताला गुण असतो. तिला द्या."

मला कुणी विचारलं नाही. पिल्लू माझ्या पदरात आलं. मी त्याला पोटाशी धरलं, तोंडात बोट दिलं आणि बोटावरून दूध सोडलं. ते चोखायला लागलं. इतकंसं तोंड, पण ओढ अशी की बोटाचं नख दुखावं. सासू दारातून पाहत होती. म्हणाली, "पेते वं!" तेवढ्यापुरता तिलाही आनंद झाला होता. मादी होती. नाव आम्ही ठेवलं नाही. घरात आम्ही तिला "ती" म्हणायचो.

दुधावर होती तोवर ठीक चाललं. पण पाणमांजर दुधावर किती दिवस राहणार? मॅनेजरसाहेबांनी मासळी पाठवायला सुरुवात केली. आमचं घर महानुभाव पंथाचं, सासरचंही, माहेरचंही. मासळीचं नाव घरात निघत नसे, मग ती कापणं तर दूरच. पहिल्या दिवशी मी दगडावर ती मासळी ठेचली आणि विहिरीमागे जाऊन ओकले. दुसऱ्या दिवशीही ओकले. मग ओकणं थांबलं, आणि ते थांबलं याचंच मला वाईट वाटलं.

सासूने नियम घातले. माझं लुगडं वेगळं, कोयता वेगळा, भांडं वेगळं. मासळीला हात लागला की विहिरीवर डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय चुलीजवळ यायचं नाही. दिवसातून तीनदा खायला घालायचं, म्हणजे तीनदा आंघोळ. थंडीत मी ओल्या केसांनी ओसरीवर बसून असायची आणि सासू आतून विचारायची, "न्हालीस काय?" तिचा राग नव्हता त्यात. तिच्या देवाची आणि माझ्या कामाची तिने लावलेली ती वाटणी होती. पण माझ्याच घराच्या उंबऱ्यावर मी दिवसातला बराच वेळ परकी असायची.

एक गोष्ट मात्र त्या दिवसांतली अशी आहे, की ती आठवली की अजून हसू येतं. तिला पोहता येत नव्हतं. पाणमांजर पाण्याला भिईल असं कुणाला वाटेल? पण ती भ्यायची. ओट्याच्या कडेशी येऊन पंजा बुडवायची आणि मागे पळायची. आई असती तर मानगुटीला धरून पाण्यात ओढलं असतं, असं तो ढिवर सांगून गेला. मॅनेजरसाहेबांनी निरोप पाठवला: शेठ पाहुण्यांना घेऊन येतील तेव्हा ऊदबिलाव पाण्यात दिसलं पाहिजे.

मलाही पोहता येत नव्हतं. आमच्या वाडीतल्या विहिरीत पोरं उड्या मारायची, पोरींनी काठावर धुणं धुवायचं. उन्हाळ्याचे दिवस होते. यजमानांनी हौदातलं पाणी माझ्या छातीइतकं ठेवलं. मी कासोटा घालून, तिला खांद्यावर घेऊन उतरले. तिने माझ्या वेणीत नखं रुतवली. मी गुडघे वाकवून हळूहळू खाली बसत गेले. पाणी गळ्याशी आलं तशी ती डोक्यावर चढली. माझा पाय शेवाळावरून घसरला आणि आम्ही दोघीही बुडालो. नाकातोंडात पाणी गेलं. वर आले तेव्हा यजमान काठावर उपडे पडून हात पुढे करत होते आणि ती हौदाच्या दुसऱ्या टोकाला डोकं वर काढून, मिशांचं पाणी झटकत माझ्याकडे पाहत होती. मग तिने बुडी मारली. माझ्या पायांतून गेली, पाठीमागून निघाली, पुन्हा गेली. तिच्या अंगाची ती गुळगुळीत ओढ पोटरीला लागली आणि मी खोकता खोकता हसायला लागले.

त्या उन्हाळ्यात मी रोज उतरायची. तिला आता माझी गरज नव्हती, मला होती. फाटकाला कुलूप, बाहेर ऊन, आणि त्या गोल पाण्यात मी हातपाय मारायला शिकले. सासू म्हणायची, "न्हायचं काम एकात एक होते." तिच्या लेखी ती सोय होती.

ती मोठी झाली. शेपटीसकट माझ्या खांद्यापर्यंत लांब, तपकिरी, चमकदार. खडे पंजात घेऊन ओट्यावर पाठीवर पडून खेळायची. शिट्टीसारखा बारीक आवाज काढायची, आणि मी जीभ टाळूला लावून तसाच आवाज दिला की पाण्यातून सरळ माझ्याकडे. रविवारी बाग लोकांसाठी उघडी असायची. हिंगणघाटची पोरंबाळं हौदाभोवती गर्दी करायची, शेंगदाणे टाकायची, कधी दगडही. शेठ नागपूरच्या पाहुण्यांना आणायचे आणि मला म्हणायचे, "बेटी, बुला जरा." मी आवाज द्यायची, ती यायची, माझ्या हातून मासा घ्यायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे. शेठ कधी वाकडं बोलले नाहीत. दिवाळीला लुगडं पाठवायचे. पण दिवाळीला मला घ्यायला भाऊ आला, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी त्याला ऑफिसातूनच परत पाठवलं. "ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही," म्हणाले. "बाईला कसं सोडू?"

आणि ते खरं होतं. ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची नाही.

भावाने राखीला विचारलं, पोळ्याला विचारलं. मग विचारणं सोडून दिलं. सिंदी काही परदेशात नव्हती. सकाळी निघालं की दुपारच्या आत पोचावं. दोन वर्षं मी गेले नाही. यजमान म्हणायचे, "नौकरी गेली त क्वार्टर जाईन. माय कोठी राहीन?" 

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र मी अडून बसले. मॅनेजरसाहेबांनी आम्हा दोघांना चार दिवस दिले. जाण्याआधी मी तिला पोटभर चारलं, सासूला बजावलं की नुसतं काठावर उभं राहून मासा टाकायचा, हात लावायचा नाही. सासू म्हणाली, "तू जा. मी तोंड फिरवून टाकीन."

माहेरी मांडव पडला होता. मी हळद दळली, जात्यावर गाणी म्हटली, बहिणीच्या हातात बांगड्या भरायला नेलं. मी इतकी बोलत होते, की आई म्हणाली, "श्वास त घे." लग्नाच्या दिवशी दुपारी पंगत बसली होती. वरण-भात वाढणं चाललं होतं. तेवढ्यात मांडवाबाहेर जिनाची जीप येऊन थांबली.

ड्रायव्हर उतरला आणि यजमानांजवळ आला. "साहेबानं बोलावलं. थे पाणमांजर तुमी गेल्यापासून तोंडाले काही लावून नाई राह्यलं. शेठचे पाहुणे येऊन राह्यले. बाईले घेऊन ये म्हणे."

माझे काका हातातलं भांडं घेऊनच पुढे आले. "जनावरासाठी पोरीले मांडवातून उचलून नेता काय?"

"मी नौकर हाओ काका," ड्रायव्हर खाली पाहून म्हणाला.

सगळी पंगत आमच्याकडे पाहत होती. यजमान उठून हात धुऊन आले. त्यातच त्यांचं बोलणं आलं. बाबा माझ्याजवळ आले. "जा माय," म्हणाले. "मुकं जनावर हाय. बहिणीले भेटून जा."

बहीण आत अंगाला हळद लागलेली, शालू नेसून बसली होती. "तू मले वाटे लावाले थांबत नाई काय?" एवढंच म्हणाली. मी तिचा हात धरला आणि सोडला. आई चुलीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही.

मी जीपमध्ये बसले. फाटकात उतरले, तशी हौदातून ती शिट्टी ऐकू आली. मी त्या जरीच्या लुगड्यातच ओट्यावर गेले. ती पाण्यातून निघाली, माझ्या पायांवर पडली, तळव्यांना नाक लावलं, पुन्हा पुन्हा. बरगड्या दिसत होत्या. मी मासा पुढे केला आणि तोंड भिंतीकडे केलं. तिला पाहावंसं वाटत नव्हतं. ती खात होती त्याचा आवाज येत होता. मला वाटलं, मर तू, नाहीतर मला तरी मरू दे. कितीतरी दिवस मी तिला असंच तोंड फिरवून चारलं. तिला त्यातलं काही कळलं नाही. ती तशीच पायांवर पडायची.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, अशी रीत. आई न्यायला आली आणि परत गेली नाही. तिला कळलं होतं की मी येऊ शकणार नाही. ती आमच्याच क्वार्टरमध्ये राहिली. सरकारी दवाखान्यात मुलगी झाली आणि मला बागेत परत आणलं. सासू दारात आडवी उभी राहिली. "बाळंतीण बारा दिवस उंबरा ओलांडत नाई. शेठ आला तरी नाई."

मी आत खाटेवर, मुलगी कुशीत. बाहेरून शिट्टी यायची. सकाळी सुरू व्हायची. मी कान झाकायची. पण शिट्टी आली की माझा पान्हा फुटायचा. मुलगी झोपलेली असायची आणि चोळी भिजायची. आईने ते पाहिलं. तिने कोरडं फडकं आणून दिलं. कुणासाठी दूध येतंय, हे माझं मलाच कळेना.

अखेर यजमान ओट्यावर उतरले. माझं मासळीच्या कामाचं लुगडं त्यांनी डोक्यावरून पांघरलं, माझा वास यावा म्हणून. आई आणि सासू खिडकीतून पाहत होत्या. त्याही स्थितीत दोघींना हसू आवरेना. मिशीवाला माणूस, डोक्यावरून लुगडं. ती फसली नाही. तिने लुगडं हुंगलं, वर यजमानांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हाताला कडकडून चावली. ते ओरडले, मासळीची टोपली हातातून सुटली आणि सगळी पाण्यात गेली.

त्यात एक मरळ होती. मरळीचा जीव चिवट. पाण्याबाहेर बराच वेळ राहूनही ती मेली नव्हती. पाणी लागताच ती सळसळत खाली गेली. पाणमांजर थांबलं. मान तिरकी केली. मग पाण्यात शिरलं, तेव्हा पाण्याचा आवाजही झाला नाही, असं यजमान सांगतात. हौदाला दोन फेऱ्या झाल्या आणि ती मरळ तोंडात धरून ओट्यावर आली. पंजांत धरून डोक्याकडून खायला सुरुवात केली.

त्या जखमेने यजमानांचं बोट कायमचं वाकडं झालं. पण ढिवराला सांगून जिवंत मासळी आणायची सोय झाली. हौदात सोडायची, ती धरून खायची. हात लागत नव्हता. मला वाटलं, सुटले. मुलगी पाच महिन्यांची असताना मी माहेरी आठ दिवस राहून आले आणि जीप आली नाही.

परत आले तर ती पोहत होती. चांगलं. संध्याकाळी पाहिलं तरी पोहत होती. हौदाच्या भिंतीला अंग घासून, एकाच दिशेने, गोल. कडेशी यायची तिथे दर वेळी त्याच जागी वळायची, डोकं त्याच कोनात वर काढायची. खडे तसेच पडले होते. मी आवाज दिला तर क्षणभर थांबली आणि पुन्हा फिरायला लागली. ज्या नाल्याने हौदाचं पाणी बाहेर जायचं तिथे लोखंडी जाळी होती. काही दिवसांनी तिला ती सापडली. जिवंत मासे कधीकधी त्या जाळीशी जाऊन लपत, त्यामुळे असेल. ती जाळी उकरायला लागली. ओट्यावर यायची तेव्हा पंजांची बोटं सोललेली, ओट्यावर रक्ताचे ठसे. मी हळद लावायची, पाण्यात धुऊन जायची.

आधी ती माझ्यामुळे खात होती. आता तिला खायला मी नको होते, तर तिला बाहेर कुठेतरी नदी आहे हे कळलं होतं. मला ते पाहवेना. मी मुलीला कडेवर घेऊन पहिल्यांदाच स्वतःहून शेठसमोर उभी राहिले. ते झाडाखाली खुर्चीवर बसले होते.

"शेठजी, तिले नदीत सोडून द्या."

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. उठून माझ्याबरोबर हौदापर्यंत आले, तिचे पंजे पाहिले. मग हळूच म्हणाले, "बेटी, ती माणसाला भीत नाही. काठावर माणूस दिसला की जाईल त्याच्यापाशी. कातडीसाठी मारतील तिला. इथे निदान जिवंत तरी आहे." आणि जाळीवर फळ्या ठोकायला सांगून गेले.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. फळ्या ठोकल्यावर ती फळ्या उकरू लागली.

पुढे दोन-अडीच वर्षं तसंच चाललं. मुलगी चालायला, बोलायला लागली. मग शेठ वारले. मुलांनी जिन बंद केला. मशिनी गेल्या, मॅनेजरसाहेब गेले, भोंगा बंद झाला. चितळं आणि मोर कुणी घेऊन गेलं. आम्हाला निरोप आला की क्वार्टर खाली करा. आणि पाणमांजराला जंगलखात्याची गाडी न्यायला येईल, तोवर बघा. गाडी येईना. मासळी येणं बंद झालं. सासूच्या डब्यातली डाळ काढून मी बाजारात देऊन तिच्यासाठी मासळी आणत होते, आणि सासूला ते दिसत होतं.

एक दिवस सकाळी यजमान म्हणाले, "आज पहाटं फाटकाले कुलूपच नोतं." चौकीदार काम सोडून गेला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. एवढंच. त्यांनी कोंबड्यांचं मोठं डालं आणलं, मी आवाज दिला, ती आली. सायकलच्या कॅरिअरवर डालं बांधलं, वरून ओलं पोतं टाकलं. मुलीला सासूजवळ ठेवलं. "कोठी चालले?" असं सासूने विचारलं नाही.

गावाजवळची नदी मळकट, माणसांची. आम्ही वरच्या अंगाला चालत गेलो, जिथे काठाला करंजाची झाडी आणि खाली डोह आहे. ऊन चांगलं वर आलं होतं. डाल्याचं झाकण काढलं तर ती बाहेर येईना. शेवटी मीच पाण्यात उतरले, गळ्यापर्यंत. तेव्हा आली. पहिल्यांदा ती गोल फिरली, हौदाएवढंच. भिंत लागेना म्हणून थांबली. मग सरळ गेली. दूरवर डोकं निघालं, पुन्हा बुडालं. परत आली, रेतीत लोळली, अंग कोरडं केलं, पुन्हा गेली. असं कितीदा झालं. मग ती वळणापलीकडे गेली आणि आली नाही.

आम्ही चपला घातल्या, तेव्हा पलीकडून शिट्टी आली. मी तोंडात पदराचा बोळा कोंबला. ती बोलावत होती, थांबत होती, उत्तराची वाट पाहत होती. पुन्हा बोलावत होती. यजमानांनी सायकल वळवली. मी त्यांच्या मागे चालत गेले आणि शिट्टी ऐकू येणं बंद होईपर्यंत बोळा काढला नाही.

चार दिवसांनी जंगलखात्याची जीप आली, मागे पिंजरा ठेवलेला. साहेब रिकाम्या हौदाकडे पाहत राहिले. "जनावर कुठे आहे?"

 यजमानांना खोटं बोलता येत नसे आणि खरं बोलण्याची हिंमत नव्हती. शासकीय मामला, आम्ही काय गुन्हा केला होता ते आम्हालाही नीट ठाऊक नव्हतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. 

तेव्हा सासू पुढे आली. गळ्यात पंथाची गाठी, हातात माझी मुलगी. जन्मात जिला खोटं बोलताना मी ऐकलं नव्हतं, ती म्हणाली, "मेलं थे, साहेब. मासळी कोठून आणणार गरीब माणूस? त्या चिकूखाली पुरलं. मीच पुरायले सांगतलं, वास नको म्हणून. उकरून पाह्यता काय?"

साहेबांनी चिकूकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. तिथली माती यजमानांनी आदल्या दिवशीच आळं करायला खणली होती. सवयीने, क्वार्टर सोडायचं असूनही. साहेब "नको" म्हणाले आणि रिकामा पिंजरा घेऊन गेले.

सासू आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. स्मरण करत बसली. तिसऱ्या दिवशी मी ताट घेऊन गेले आणि तिच्या पायाशी बसून रडले. "काऊन रडून राह्यली?" ती म्हणाली. "वाढ मले." त्यानंतर त्या गोष्टीचं नाव आमच्या घरात निघालं नाही.

मी त्या डोहाला पुढे दोनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला एका खडकावर खवले असलेली विष्ठा दिसली. पाणमांजर तेवढ्यासाठी एकच जागा धरतं. दुसऱ्या खेपेला वेणेला पूर होता आणि खडक पाण्याखाली होता. ती जगली की शेठ म्हणाले तसंच झालं, मला माहीत नाही. तिच्या जातीचं दुसरं कुणी तिला भेटलं का, तेही नाही.

आम्ही वर्ध्याला, बोरगाव मेघेत भाड्याच्या खोलीत आलो. यजमानांना एका संस्थेच्या बागेत काम लागलं. नव्या घराला आवार नव्हतं, फाटक नव्हतं. दार उघडलं की सरळ रस्ता. राखीला भाऊ आला, तेव्हा कुणाची परवानगी लागली नाही. महिनाभर राहा, असं यजमानच म्हणाले. मी मुलीला घेऊन सिंदीला गेले. बहीणही आली होती. तिने तिच्या लग्नातला तो दिवस काढला नाही, मीही काढला नाही. आम्ही दोघींनी वाडीत वांगी तोडली, आईने माझ्या डोक्याला तेल लावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीवरून उठून उभी राहिले. आई म्हणाली, "कुठी चालली?"

 कुठे जायचं नव्हतंच. कुणी वाट पाहत नव्हतं, कुणाचं खाणं खोळंबलं नव्हतं. तरी पाय उभेच राहिले. आईने मला हाताला धरून पुन्हा खाली बसवलं आणि शेंगा सोलायला सूप पुढे सरकवलं.